विकलेली गाडी परत येते तेव्हा

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्याकडच्या मोटार कंपन्या आदल्या महिन्याच्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. अमक्या कंपनीची विक्री वाढली, तमकीची घटली, अशा बातम्या दुसऱ्या दिवशी छापून येतात. गाड्या घेतल्या कुणी, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही. एखाद्या कुटुंबाने वर्षभर पैसे जमवून, चार शोरूम पालथी घालून घेतलेली गाडी एकच धरली जाते. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने एका सहीनिशी उचललेल्या पाच हजार गाड्यांतली प्रत्येक गाडीही एकच धरली जाते. कंपनीच्या जमाखर्चावर मात्र या दोन गाड्यांचा परिणाम सारखा होत नाही.

एकाच ग्राहकाला एकगठ्ठा गाड्या विकण्याला या धंद्यात फ्लीट विक्री म्हणतात. अशा विक्रीत मोटार कंपनीचा फायदा होतो का? कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली त्या दिवशीचा हिशेब पाहिला तर उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असंच येतं. खरं उत्तर कळायला त्या गाडीच्या मागोमाग वर्षभर चालावं लागतं, ती दुसऱ्यांदा विकली जाईपर्यंत. हा प्रवास सगळ्यात स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत.

तीन वेगळे ग्राहक

अमेरिकेत फ्लीट विक्रीचे तीन भाग मानतात. पहिला भाग उद्योगधंद्यांचा: दूरध्वनी कंपन्या, वीज कंपन्या, बांधकाम कंत्राटदार, घरपोच माल पोहोचवणारे. दुसरा सरकारचा: पोलीस, नगरपालिका, वनखातं. तिसरा भाग गाड्या रोजच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा, म्हणजे हर्ट्झ, एव्हिस, एंटरप्राइज यांचा.

पहिले दोन ग्राहक गाडी कामासाठी घेतात आणि अनेक वर्षं वापरतात. व्हॅनमध्ये फडताळं बसवून घेतात, ट्रकवर शिडी किंवा क्रेन चढवतात. गाडी विकायला काढतात तेव्हा ती चांगलीच झिजलेली असते. तिसऱ्या ग्राहकाचं तसं नाही. त्याला गाडी नवी दिसायला हवी असते, म्हणून तो ती वर्षभरात किंवा त्याच्या थोडं पुढेमागे काढून टाकतो. फायद्यातोट्याचा सगळा वाद या तिसऱ्या ग्राहकाभोवतीच फिरतो.

बंद कारखाना परवडत नाही

भाड्याच्या कंपन्यांना मोटार कंपन्या मोठी सवलत का देतात, हे समजायला थोडी आकडेमोड करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, एका कारखान्याची क्षमता वर्षाला २ लाख गाड्यांची आहे. इमारत, यंत्रं, साचे, कायम कामगारांचा पगार असा स्थिर खर्च वर्षाला १०० कोटी डॉलर. एकही गाडी बनली नाही तरी तो होणारच. पोलाद, इंजिनाचे सुटे भाग, टायर असा प्रत्येक गाडीमागचा खर्च १८ हजार डॉलर. डीलरला गाडी २५ हजारांना जाते. आणि शोरूममधून त्या वर्षी गिऱ्हाइकं मिळतात फक्त दीड लाख.

दीड लाखच गाड्या बनवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ६,६६७ डॉलर स्थिर खर्च येतो. २५ हजारांतून १८ हजार आणि हे ६,६६७ वजा केले की हाती राहतात ३३३ डॉलर. एकूण नफा ५ कोटी डॉलर. आता उरलेल्या ५० हजार गाड्याही बनवल्या आणि भाड्याच्या कंपन्यांना २० हजारांना दिल्या, तर प्रत्येकीमागे १८ हजार जाऊन २ हजार सुटतात. स्थिर खर्च आधीच वसूल झालेला असल्यामुळे हे पैसे सरळ नफ्यात पडतात. म्हणजे आणखी १० कोटी. एकूण नफा ५ कोटींवरून १५ कोटींवर. शिवाय कारखाना पूर्ण क्षमतेने चालला, कुणाला घरी बसवावं लागलं नाही आणि विक्रीचा आकडाही ५० हजारांनी फुगला.

डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्यांना, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांना, हा मोह फार होता. त्याला कारणही होतं. १९८४ साली युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेशी झालेल्या करारांतून ‘जॉब्ज बँक’ नावाची व्यवस्था सुरू झाली. कामावरून कमी केलेल्या कामगाराला काम नसतानाही जवळजवळ पूर्ण पगार द्यायचा, अशी ती सोय होती. २००९ च्या आर्थिक संकटापर्यंत ती टिकली. एरवी उत्पादन घटलं की मजुरीचा खर्च घटतो. इथे मजुरीही स्थिर खर्चात जमा झाली. कारखाना थांबवून वाचणार काहीच नसेल, तर गाड्या बनवत राहा आणि जो घेईल त्याला द्या, असं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. त्या त्या महिन्याचा हिशेब त्यांच्या बाजूने होता.

बाजारातल्या हिश्शाची ओढही होतीच. २००० नंतरच्या वर्षांत जनरल मोटर्सचे अधिकारी कोटावर २९ आकड्याची पिन लावत. अमेरिकन बाजाराचा २९ टक्के हिस्सा मिळवायचा, हे त्यांचं उघड लक्ष्य होतं. हिस्सा मोजताना गाडी कुणाला विकली हे विचारलं जात नाही. त्यामुळे तो वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता भाड्याच्या कंपन्यांच्या आवारातून जात होता. हिश्शामागे धावणाऱ्या याच जनरल मोटर्सने पुढे १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला.

मोटार कंपन्यांनी भाड्याच्या कंपन्याच विकत घेतल्या होत्या, हे या ओढीचं आणखी एक रूप. १९८७ मध्ये फोर्डने भागीदारांबरोबर हर्ट्झ घेतली, १९९४ मध्ये ती पूर्ण आपल्याकडे घेतली आणि २००५ मध्ये विकून टाकली. क्रायस्लरने १९८९ मध्ये थ्रिफ्टी आणि १९९० मध्ये डॉलर या कंपन्या घेतल्या. गाडी बनवणाराही आपण आणि ती उचलणारी कंपनीही आपलीच, अशी ही रचना होती.

करारात काय लिहिलेलं असतं

भाड्याच्या कंपनीला गाडी दोन पद्धतींनी दिली जाते. पहिली पद्धत ‘रिस्क’ची. कंपनी गाडी विकत घेते, वापरते आणि पुढे काय भाव येईल तो तिचा प्रश्न. दुसरी पद्धत बायबॅकची. हिला ‘प्रोग्रॅम’ची गाडी म्हणतात आणि सगळी गोम हिच्यात आहे.

बायबॅकच्या करारात मोटार कंपनी आधीच कबूल करते की ठरलेल्या मुदतीनंतर गाडी आम्ही परत घेऊ आणि घसारा दरमहा अमुक इतकाच धरू. बाजारभाव त्याहून खाली गेला तरी भाड्याच्या कंपनीला झळ नाही. बदल्यात तिने अटी पाळायच्या: गाडी किमान इतके महिने ठेवायची, इतक्या मैलांच्या पुढे चालवायची नाही, मोठा अपघात झालेली गाडी परत द्यायची नाही.

गाडी परत येते तेव्हा तपासनीस वही घेऊन तिच्याभोवती फिरतो. दारावरचा पोचा किती मोठा आहे, काचेला तडा आहे का, टायरची नक्षी किती उरली आहे, सीटवर जळल्याचा डाग आहे का, दोन्ही किल्ल्या आहेत का, स्टेपनी जागेवर आहे का. ठरलेल्या मर्यादेपर्यंतची किरकोळ झीज चालवून घेतात, त्यापुढचं वळतं करतात. मैल जास्त झाले असतील तर त्याचेही पैसे कापतात.

एवढ्या बारकाईने तपासणी होते, कारण भावाचा सगळा धोका आता मोटार कंपनीच्या डोक्यावर असतो. कागदोपत्री गाडी विकलेली आहे, पण ती ठरल्या किमतीला परत घ्यायचं वचनही दिलेलं आहे. म्हणूनच हिशेबाच्या नियमांनुसार अशा बायबॅकची पूर्ण किंमत बहुधा पहिल्याच दिवशी उत्पन्नात धरता येत नाही. हिशेबनीस अशा व्यवहाराकडे भाडेपट्टा म्हणून बघतो आणि उत्पन्न महिन्यामहिन्याने दाखवतो. विक्रीच्या आकड्यात मात्र ती पहिल्याच दिवशी विकलेली गाडी असते.

उरलेली मेथी आणि उरलेली गाडी

भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या भावात काढतो, तेव्हा ती रात्रीच्या जेवणात संपते. दुसऱ्या दिवशीच्या ताज्या जुडीशी तिची गाठ पडत नाही. उरलेली गाडी संपत नाही. वर्षभरात ती बाजारात परत येते आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीच्या शेजारी उभी राहते.

परत आलेल्या गाड्या लिलावात जातात. मॅनहाइम ही तिथली सगळ्यात नावाजलेली लिलाव कंपनी, १९४५ साली पेनसिल्व्हेनियातल्या त्याच नावाच्या गावात सुरू झालेली. लांबलचक शेडमध्ये समांतर रांगा असतात. गाड्या एकामागून एक आत येतात, पुकारा होतो, डीलर बोटाच्या किंवा मानेच्या खुणेने बोली लावतात आणि मिनिटभरात गाडी दुसऱ्या दारातून बाहेर पडते. मोटार कंपनीने परत घेतलेल्या गाड्यांचे लिलाव अनेकदा फक्त तिच्या अधिकृत डीलरांसाठीच असतात. म्हणजे नवी गाडी विकणारा डीलरच वर्षभर चाललेली तीच गाडी उचलतो आणि आपल्याच आवारात मांडतो.

आता ग्राहकाच्या बाजूने बघा. एकीकडे २७ हजारांची नवी गाडी आणि दहा पावलांवर तीच, जेमतेम वर्षाची, १९ हजारांना. पुष्कळजण दुसरीकडे वळतील. नवी विकायची तर सूट वाढवावी लागते. नवीचा भाव उतरला की जुनीचा आणखी उतरतो. आपण ज्याला रिसेल व्हॅल्यू म्हणतो, ती अशी खाली सरकत जाते.

रिसेल घसरली की तिसरा फटका बसतो. अमेरिकेत बरेच ग्राहक गाडी तीन वर्षांच्या लीजवर घेतात. त्यांचा मासिक हप्ता मुख्यतः आजची किंमत आणि तीन वर्षांनंतरची अपेक्षित किंमत यांच्या फरकावर ठरतो. तीन वर्षांनंतरची किंमत २ हजार डॉलरनी कमी धरली, तर ३६ हप्त्यांत विभागून दरमहा सुमारे ५६ डॉलर वाढतात. प्रतिस्पर्ध्याची गाडी तेवढीच महाग असूनही तिचा हप्ता कमी पडतो. हप्ता कमी ठेवायचा तर फरक मोटार कंपनीने खिशातून भरायचा. होंडाने अमेरिकेत भाड्याच्या कंपन्यांना सवलती देऊन गाड्या खपवण्याचं धोरण दीर्घकाळ टाळलं. तिच्या गाड्यांच्या चांगल्या रिसेलची जी कारणं सांगतात, त्यांत हे एक आहे.

आता मघाची आकडेमोड पुन्हा काढू. भाड्याच्या ५० हजार गाड्यांतून १० कोटी डॉलर मिळाले होते. शोरूममधून दीड लाख गाड्या जातात. त्या प्रत्येक गाडीवर ६६७ डॉलर जादा सूट द्यावी लागली, तर ते १० कोटी संपले. २५ हजारांवर ६६७ म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. एवढ्याशा घसरणीत सगळी कमाई जाते आणि घसरण त्याहून जास्त झाली तर पदरचे जातात. फायदा या वर्षीच्या हिशेबात दिसतो, तोटा पुढच्या वर्षीच्या, तोही वेगळ्याच रकान्यात. त्यामुळे दोघांचा संबंध सहजासहजी कुणी जोडत नाही.

टॉरसचं काय झालं

फोर्ड टॉरस १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आली. गोलसर, वारा कापणारा तिचा आकार त्या काळी नवा होता आणि कुटुंबांनी तिला उचलून धरलं. १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारी मोटार होती. १९९७ मध्ये टोयोटा कॅमरीने तिला मागे टाकलं.

त्यानंतर फोर्डचं लक्ष पिकअप आणि एसयूव्हीकडे गेलं. टॉरसमध्ये मोठी सुधारणा होईना आणि शोरूममधली मागणी आटत गेली. कारखाना मात्र चालूच होता, म्हणून गाड्या भाड्याच्या कंपन्यांकडे अधिकाधिक जाऊ लागल्या. विमानतळावर उतरल्यावर काउंटरवरून जी किल्ली हातात पडते ती टॉरसची, अशी तिची ओळख झाली. विमानतळावर मिळणारी गाडी पैसे मोजून घरी कोण आणणार? शेवटची काही वर्षं तर ती मुख्यतः फ्लीटसाठीच बनत होती. २००६ च्या ऑक्टोबरात अटलांटाच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला.

त्याच्या आदल्याच महिन्यात अ‍ॅलन मुलाली फोर्डचे प्रमुख झाले होते. इतक्या लोकांच्या ओळखीचं नाव टाकून द्यायचं हे त्यांना पटलं नाही. २००७ मध्ये त्यांनी ‘फाइव्ह हंड्रेड’ या दुसऱ्या मॉडेलला टॉरस हे नाव दिलं. मूळ दिवस काही परतले नाहीत. सवलतीच्या विक्रीने नाव किती झिजतं, हे कुठल्याही एका वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही. टॉरसच्या २० वर्षांत ते दिसतं.

फायद्याची फ्लीट विक्री

यावरून फ्लीट विक्री वाईटच, असा निष्कर्ष काढला तर चूक होईल. फोर्डचंच उदाहरण घ्या. २०२३ पासून फोर्ड आपल्या मोटारींच्या धंद्याचे आकडे तीन विभागांत देते. उद्योगधंद्यांना आणि सरकारी खात्यांना व्हॅन, ट्रक, सुटे भाग आणि सेवा पुरवणाऱ्या विभागाचं नाव फोर्ड प्रो. २०२३ मध्ये या विभागाने व्याज आणि कर वजा करण्यापूर्वी सुमारे ७२० कोटी डॉलर कमावले. त्याच वर्षी विजेवरच्या गाड्यांच्या विभागाने सुमारे ४७० कोटी डॉलर गमावले. २०२४ मध्ये फोर्ड प्रोची कमाई ९०० कोटींवर गेली. कंपनीचा सगळ्यात भक्कम आधार आज हा फ्लीटचाच धंदा आहे.

यात वेगळं काय? वीज कंपनीला व्हॅन लागते म्हणून ती मागवते, मग ती बनते. मागणी आधी, उत्पादन नंतर. गाडी वर्षानुवर्षं वापरात राहते, त्यामुळे ती नव्या गाडीशी स्पर्धा करायला परत येत नाही. तेवढ्या काळात सुटे भाग, दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर यांचं उत्पन्न चालू राहतं.

जुन्या मॉडेलचाही यात उपयोग होतो. फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया ही पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची लाडकी मोटार. सामान्य ग्राहकांना तिची विक्री थांबवल्यावरही ती फ्लीटसाठी बनत राहिली, सप्टेंबर २०११ पर्यंत. साच्यांचा आणि यंत्रांचा खर्च कधीच वसूल झालेला, रचना वर्षानुवर्षं तीच आणि घेणाऱ्यालाही सुटे भाग सगळीकडे मिळणारी दणकट गाडीच हवी. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं दोघांचं भलं.

भाड्याच्या कंपन्यांना दिलेली गाडीही तोट्याचीच असते असं नाही. प्रमाण राखलं, सवलत आटोक्यात ठेवली आणि चांगल्या सजावटीची गाडी दिली, तर आठवडाभर ती चालवलेला प्रवासी पुढे गिऱ्हाईक होऊ शकतो. २०२१ मध्ये चिप्सच्या टंचाईमुळे गाड्या कमी बनल्या. तेव्हा कंपन्यांनी भाड्याच्या ग्राहकांना मागे ठेवून शोरूमला आधी माल दिला. त्या वर्षी जनरल मोटर्सची अमेरिकेतली विक्री सुमारे १३ टक्क्यांनी घटली आणि व्याज-करपूर्व समायोजित नफा १,४३० कोटी डॉलर, म्हणजे विक्रमी झाला. टंचाईने चढलेले भाव हे त्याचं मोठं कारण होतं. पण गाड्यांची संख्या आणि नफा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने सगळ्यांना दाखवून दिलं.

धोका कुणाच्या डोक्यावर

रिसेलचा धोका मोटार कंपनीने उचलला नाही, तर तो ग्राहकावर जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्ट्झने टेस्लाच्या विजेवरच्या १ लाख गाड्या घेण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी टेस्लाचं बाजारमूल्य १ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. इतरांना देतो त्याच नफ्यावर हर्ट्झला गाड्या देऊ, अशी टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांची भूमिका होती. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत नव्या गाड्यांचे भाव काही मॉडेलवर २० टक्क्यांपर्यंत उतरवले. नवीचा भाव पडताच हर्ट्झच्या आवारातल्या जुन्या गाड्यांचाही पडला. अपघातानंतरची दुरुस्तीही महाग पडत होती. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने विजेवरच्या २० हजार गाड्या विकायला काढल्या आणि त्यांच्या घसाऱ्यापोटी सुमारे २४.५ कोटी डॉलरचा फटका जाहीर केला. धोका नाहीसा झाला नव्हता, फक्त तो दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला होता.

आपल्याकडची इंडिका

आपल्याकडे वर्षभरात परत येणाऱ्या बायबॅकच्या गाड्यांचा पूर नाही. टॅक्सी म्हणून घेतलेली गाडी पिवळ्या नंबरप्लेटवर काही लाख किलोमीटर पळते. ती खाजगी नावावर करायची तर परमिट रद्द करण्यापासून आरटीओचे सोपस्कार आहेत. त्यामुळे ती नव्या गाडीच्या शेजारी जाऊन उभी राहत नाही. नावाला बसणारा फटका मात्र आपल्याकडेही तितकाच खरा आहे.

टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात बनलेली, ऐसपैस, डिझेलवर कमी खर्चात धावणारी. याच गुणांमुळे टुरिस्ट गाड्यांचे मालक तिच्यावर तुटून पडले. पुणे-मुंबई रस्त्यावर पांढरी इंडिका आणि पिवळी पाटी हे समीकरणच झालं. धंदा मिळाला, पण ‘टुरिस्टची गाडी’ हा शिक्का टाटांच्या पुढच्या गाड्यांनाही पुसावा लागला.

त्यावर कंपन्यांनी काढलेला उपाय साधा आहे: नावच वेगळं ठेवायचं. मारुतीने २०१२ मध्ये नवी डिझायर आणली तेव्हा जुनी ‘डिझायर टूर’ या नावाने टॅक्सीसाठी चालू ठेवली. टाटांनी २०२१ मध्ये फ्लीटसाठी ‘एक्सप्रेस’ हे वेगळं नाव काढलं आणि टिगोरवर आधारलेली विजेवरची मोटार त्या नावाने दिली. टॅक्सीचा धंदा सोडायचा नाही आणि घरच्या गाडीचं नावही झिजू द्यायचं नाही, अशी ही तजवीज आहे.

म्हणून विक्रीचे आकडे वाचताना चार गोष्टी विचाराव्यात. गाडी मागणी आली म्हणून बनली की कारखाना चालू ठेवायचा म्हणून? ती बाजारात किती लवकर परत येणार? परत येईल तेव्हा भावाचा धोका कुणाचा? आणि तीच गाडी त्याच नावाने घरगुती ग्राहकालाही विकायची आहे का? हे प्रश्न शेअर घेणाऱ्याच्या जितके उपयोगाचे, तितकेच गाडी घेणाऱ्याच्याही. सवलतीत खपवलेल्या गाड्यांची किंमत शेवटी त्याच मॉडेलच्या घरगुती मालकाला भरावी लागते, तो आपली गाडी विकायला काढतो त्या दिवशी. आणि एकदा हात पोळलेलं ते कुटुंब पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेतं, तेव्हा मोटार कंपनीचा खरा तोटा सुरू होतो.